अनाथपिंडिकांची शेवटची मागणी

आपल्या वस्तीत माणूस गेला की पुढची कामे ठरल्याप्रमाणे होतात. कुणीतरी भन्तेजींना फोन लावते. ते बाहेरगावी असतील तर बौद्धाचार्यांना निरोप जातो. पांढऱ्या कपड्यांतली माणसे जमतात, त्रिसरण-पंचशील होते, अंत्ययात्रा निघते. पुढे पुण्यानुमोदनाचा दिवस ठरतो, भोजनदान होते. यात चूक काहीच नाही. श्राद्धपक्ष आणि पिंडदान टाकून दिल्यावर आपल्या समाजाने हा साधा, स्वच्छ विधी उभा केला आहे आणि आम्हांला त्याचा अभिमान आहे.

पण त्याच्या आधीचे दिवस कसे असतात? डॉक्टरांनी आता घरी घेऊन जा म्हणून सांगितलेले असते. वडील किंवा आई खाटेवर छताकडे बघत पडलेली असतात. पाहुणे सफरचंद, शहाळे घेऊन येतात, पाच मिनिटे बसतात, बरे व्हाल म्हणतात आणि बाहेर ओट्यावर जाऊन हळू आवाजात वेगळेच बोलतात. आजारी माणसाला ते ऐकू जाते. आयुष्यभर विहारात वंदना म्हटलेला तो माणूस त्या खाटेवर धम्माच्या बाबतीत एकटा पडलेला असतो. त्याच्या घरी धम्मवाणी येते ती तो गेल्यावर, आणि तेव्हा ती ऐकायला तो नसतो.

आम्ही यावर विचार करू लागलो तेव्हा पुन्हा पुन्हा एका जुन्या घराशी येऊन थांबलो. हे घर श्रावस्तीतले, अडीच हजार वर्षांपूर्वीचे. त्या घरातला आजारी माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. जेतवन दान करणारे उपासक अनाथपिंडिक. त्यांच्या दानाची गोष्ट लहान मुलांनाही माहीत असते. त्यांच्या शेवटच्या आजारपणाची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. म्हणून त्यांचे सगळे आयुष्य आज त्या खाटेपर्यंत सांगत न्यायचे आम्ही ठरवले आहे.

सुदत्त ते अनाथपिंडिक

त्यांचे खरे नाव सुदत्त. कोसल देशाची राजधानी श्रावस्ती, तिथले ते मोठे व्यापारी. गावात कुणी निराधार, भुकेला असला तर त्याला या घरून अन्न मिळे, म्हणून लोक त्यांना अनाथपिंडिक म्हणू लागले. अनाथांना पिंड देणारा, असा त्या नावाचा अर्थ. हा पिंड श्राद्धाचा नव्हे. जिवंत भुकेल्या माणसाच्या पानात वाढलेला भाताचा घास म्हणजे हा पिंड. लोकांनी प्रेमाने दिलेले नाव इतके रुळले की खरे नाव मागे पडले.

व्यापाराच्या कामासाठी ते राजगृहाला जात. तिथला नगरश्रेष्ठी त्यांचा मेहुणा होता. एका खेपेला ते त्याच्या घरी पोहोचले तेव्हा घरात मोठी धावपळ चालली होती. नोकरांना कामे वाटून दिली जात होती, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तयारी सुरू होती. एरवी पाहुणा आला की हातातले काम टाकून येणारा मेहुणा आज त्यांच्याकडे बघायलाही मोकळा नव्हता. घरात लग्न आहे, यज्ञ आहे की राजा बिंबिसार जेवायला येणार आहे, असे त्यांनी विचारले. मेहुण्याने सांगितले की उद्या बुद्ध आणि भिक्खुसंघ भोजनाला येणार आहेत. बुद्ध हा शब्द कानावर पडला आणि सुदत्तांना तो खरा वाटेना. त्यांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. उजाडले असे समजून ते तीनदा उठले. शेवटी अंधारातच नगराबाहेर पडून सीतवनाच्या दिशेने चालू लागले. सीतवन म्हणजे स्मशानाजवळचे रान. वाटेत त्यांना भीती वाटली, मागे फिरावेसे वाटले, तरी ते पुढे गेले. तथागत पहाटे उठून मोकळ्यावर चंक्रमण करत होते. त्यांनी या अनोळखी माणसाला सुदत्त या त्याच्या मूळ नावाने हाक मारली. जगाने दिलेल्या मोठ्या नावाऐवजी घरचे नाव ऐकून ते हरखून गेले आणि तथागतांच्या पायांशी वाकले. त्याच बैठकीत तथागतांनी त्यांना दान, शील आणि पुढे दुःख व दुःखनिरोध यांचा उपदेश केला. ग्रंथ सांगतात की सुदत्त तिथेच सोतापन्न झाले, म्हणजे मार्गाच्या प्रवाहात उतरले. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अनाथपिंडिकांच्या धम्मदीक्षेला वेगळे प्रकरण दिले आहे.

जेतवन

पुढचा वर्षावास श्रावस्तीत करावा, अशी विनंती करून ते परतले. गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, दिवसा गर्दी नाही, रात्री गोंगाट नाही, अशी जागा ते शोधू लागले. ती जागा होती राजकुमार जेत याचे उद्यान. जेताला ते विकायचे नव्हते. जमीन नाण्यांनी झाकली तरी मिळणार नाही, असे तो बोलून गेला. किंमत बोलली म्हणजे सौदा झाला, असे अनाथपिंडिकांनी धरले. वाद न्याय करणाऱ्या अमात्यांपुढे गेला आणि निकाल अनाथपिंडिकांच्या बाजूने लागला. गाड्या भरभरून नाणी आली आणि जमिनीवर पसरली गेली. दाराजवळचा थोडा तुकडा उरला तेव्हा जेताचेच मन बदलले. तेवढी जागा त्याने स्वतःची म्हणून मागून घेतली आणि तिथे प्रवेशद्वार बांधून दिले.

अट्ठकथा सांगतात की जमिनीला अठरा कोटी, बांधकामाला अठरा कोटी आणि अर्पणसोहळ्याला अठरा कोटी असा चोपन्न कोटींचा खर्च झाला. तथागतांनी आयुष्यातले १९ वर्षावास या जेतवनात केले, अशी परंपरा आहे. आपल्याला माहीत असलेली कितीतरी सुत्ते याच आवारात सांगितली गेली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास भारहुतच्या स्तूपावर हा प्रसंग दगडात कोरला गेला. बैलगाडीतून उतरवलेली चौकोनी नाणी माणसे जमिनीवर मांडत आहेत आणि हातात झारी घेऊन अनाथपिंडिक दानाचे पाणी सोडत आहेत. हे शिल्प कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. आणि उत्तर प्रदेशातल्या सहेत-महेतला, म्हणजे जुन्या श्रावस्तीला, आपली माणसे यात्रेला जातात तेव्हा ज्या विटांच्या पायांवरून फिरतात तेच हे जेतवन.

घेणे न जमलेला माणूस

तथागतांनी त्यांना दान देणाऱ्या उपासकांत अग्र म्हटले. आम्हांला मात्र त्यांच्या स्वभावातली दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. धम्मपदाच्या अट्ठकथेत असे आले आहे की ते दिवसातून दोनदा तथागतांकडे जात, पण त्यांनी त्यांना कधी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना वाटे की तथागत सुकुमार आहेत. हा माझा मोठा उपकारकर्ता, असे समजून ते मला उपदेश करत बसतील आणि थकतील. जाताना मात्र ते रिकाम्या हाताने कधी गेले नाहीत. सकाळी कांजी, पुढे तूप, लोणी, मध, संध्याकाळी फुले, असे काही ना काही नेत. तथागतांना हे कळत होते. जिथे मला जपायची गरज नाही तिथे हा मला जपतो आहे, हे जाणून ते न विचारताच त्यांना धम्म सांगत.

अशी माणसे आपण आपल्या घरांत पाहिली आहेत. विहाराच्या बांधकामाला पावती फाडतील, जयंतीला रात्रभर जागतील, पंगतीत वाढतील, पण स्वतःसाठी पुढे येऊन काही मागणार नाहीत. त्यांना सगळे येते असे आपण समजून चालतो. तेच माणूस आजारी पडले की त्याच्याशी काय बोलावे ते आपल्याला सुचत नाही.

त्यांच्या घरात धम्म बायका-मुलांपर्यंत पोहोचला होता. मुलगा काळ आधी विहाराकडे फिरकेना, तेव्हा बापाने त्याला पैशाचे आमिष दाखवून उपोसथाला आणि धम्म ऐकायला पाठवले. ऐकता ऐकता मुलगा खरोखर बदलला आणि बापाने देऊ केलेले पैसे घेताना लाजला. घरच्या दासीच्या पोटी जन्मलेली पुण्णिका पाणी भरण्याचे काम करी. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुवायला निघालेल्या एका ब्राह्मणाला तिने खडे प्रश्न विचारले आणि त्याचे मत पालटवले. अनाथपिंडिकांनी तिला दास्यातून मोकळे केले, ती भिक्खुणी झाली आणि तिच्या गाथा थेरीगाथेत आल्या.

पुढे दिवस फिरले. व्यापाऱ्यांना उसने दिलेले अठरा कोटी परत आले नाहीत. अचिरवतीच्या, म्हणजे आजच्या राप्तीच्या, काठी पुरून ठेवलेले तेवढेच धन पुरात वाहून गेले. घरात कण्या आणि आंबट कांजी उरली. तरी दान थांबले नाही. आपल्या घरून आता जाडेभरडे अन्न जाते, असे त्यांनी तथागतांना संकोचाने सांगितले. तथागतांनी त्यांना समजावले की अन्न साधे की उंची यावर काही ठरत नाही, ते आदराने, आपल्या हाताने दिले की नाही हे पाहावे. आणि सगळ्या दानांपेक्षा मैत्रीचे चित्त आणि क्षणभर का होईना अनित्यतेची जाणीव मोठी, असेही सांगितले. अनित्यतेचा हा धडा त्यांनी पुढे दोनदा खाटेजवळ गिरवला. एकदा मुलीच्या, एकदा स्वतःच्या.

सुमनाची खाट

घरी येणाऱ्या भिक्खूंच्या भोजनाची व्यवस्था आधी थोरली मुलगी महासुभद्दा पाहत असे, मग मधली चूळसुभद्दा. दोघी सासरी गेल्यावर ते काम धाकट्या सुमनाकडे आले. सुमना आजारी पडली, तिने अन्न सोडले. वडील दानशाळेत होते, तिथे तिचा निरोप गेला. ते धावत आले आणि तिला काय होते आहे म्हणून विचारू लागले. सुमनाने त्यांना धाकटा भाऊ म्हणून हाक मारली. पोर भ्रमात बोलते आहे, असे त्यांना वाटले. तसे त्यांनी विचारले, तर तिने नाही म्हटले, आणि पुन्हा धाकटा भाऊच म्हटले. भीती वाटते का म्हणून विचारले, तर भीती वाटत नाही म्हणाली. थोड्याच वेळात ती गेली.

सोतापन्न असलेला हा माणूस रडत तथागतांकडे गेला. मरण सर्वांना आहे, हे तुम्हांला ठाऊक नाही का, असे तथागतांनी विचारले. ते ठाऊक आहे, असे ते म्हणाले. दुःख याचे होते की इतकी समंजस मुलगी शेवटच्या क्षणी भान हरपून गेली. तेव्हा तथागतांनी सांगितले की सुमना भ्रमात नव्हती. मार्गावर ती वडिलांच्या पुढे होती. वडील सोतापन्न, ती सकदागामी, म्हणजे त्याहून एक पायरी वर. त्या नात्याने तिने त्यांना धाकटा म्हटले.

शेवटच्या घडीला माणूस जे बोलतो ते आपल्याला कळत नाही आणि आपण ते बरळणे समजतो. अनाथपिंडिकांसारख्या प्रेमळ बापाचीही तीच चूक झाली. त्यांनी तिला दोन प्रश्न मात्र नेमके विचारले. ते म्हणजे तुला काय होते आहे, आणि भीती वाटते का. आजही आपल्यापैकी फार थोडे लोक दुसरा प्रश्न विचारण्याचे धैर्य करतात.

सारिपुत्त घरी येतात

अनाथपिंडिक स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांनी निरोप्याला सारिपुत्तांकडे पाठवले. दया करून घरी यावे, अशी विनंती केली. आयुष्यात प्रश्न न विचारणाऱ्या या माणसाने आता मदत मागितली. सारिपुत्त आले, सोबत आनंद होते. संयुत्त निकायात या भेटीची हकीकत आहे.

सारिपुत्तांनी आधी प्रकृतीची चौकशी केली. वेदना वाढत आहेत, कमी होत नाहीत, असे उत्तर मिळाले. मग सारिपुत्तांनी त्यांना नवे काही शिकवले नाही. जे त्यांच्याजवळ होते त्याचीच आठवण करून दिली. बुद्धावर, धम्मावर, संघावर तुमची न ढळणारी श्रद्धा आहे, तुमचे शील शुद्ध आहे, तुमची दृष्टी सम्यक आहे. हे सगळे स्वतःत आहे, ते पाहा आणि त्याने वेदना शमू द्या, असे एकेक करून सांगितले. ते ऐकता ऐकता अनाथपिंडिकांची वेदना ओसरली. मग आजारी यजमानाने आपल्यासाठी शिजवलेल्या भांड्यातलेच अन्न दोघा भन्तेंना वाढले. देणारा हात त्या दिवशीही थांबला नाही. आनंदांनी ही हकीकत सांगितली तेव्हा तथागतांनी सारिपुत्तांच्या प्रज्ञेची प्रशंसा केली.

दुसऱ्या आजारपणातून मात्र उठणे नव्हते. मज्झिम निकायाचे १४३ वे सुत्त, अनाथपिंडिकोवाद सुत्त, याच दिवसाचे आहे. पुन्हा निरोप गेला. आधी तथागतांच्या चरणी आपल्या वतीने वंदन करावे, मग सारिपुत्तांना बोलावावे, असे त्यांनी सांगितले. पुन्हा सारिपुत्त आणि आनंद आले. वेदना कशी आहे हे अनाथपिंडिकांनी काही न लपवता सांगितले. कुणी बळकट माणसाने तलवारीच्या टोकाने डोके भोसकावे, चामड्याचा पट्टा डोक्याभोवती आवळावा, खाटकाने सुरीने पोट कापावे, दोघांनी धरून निखाऱ्यांवर भाजावे, तशी ती होती.

या वेळी सारिपुत्तांनी बरे व्हाल असे म्हटले नाही. हा आजार जाणार नाही, हे दोघांनाही कळत होते. सारिपुत्तांनी त्यांना धरून ठेवलेले एकेक सोडायला शिकवले. डोळ्याला धरू नका आणि डोळ्यावर टेकलेले विज्ञानही त्याला धरून नसू द्या. तसेच कान, नाक, जीभ, शरीर, मन. मग रूप, शब्द, गंध, चव, स्पर्श. मग वेदना, मग पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, मग पाच स्कंध. मग हा लोकही नाही आणि परलोकही नाही. जे पाहिले, ऐकले, अनुभवले, मनाने जाणले, त्यातल्या कशालाच चिकटू नका. ते सावकाश, एकेक पायरी उतरत बोलत गेले. ज्या माणसाने आयुष्यभर धन सोडले होते, त्याला आता दाता ही ओळखही सोडायची होती.

अनाथपिंडिकांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. आनंद घाबरले. तुम्ही खचता आहात का, बुडता आहात का, असे त्यांनी विचारले. अनाथपिंडिकांनी नाही म्हणून सांगितले. इतकी वर्षे तथागतांची आणि भिक्खूंची सेवा केली, पण असा उपदेश कधी ऐकला नव्हता, म्हणून हे अश्रू. त्यावर आनंदांनी खुलासा केला की पांढऱ्या वस्त्रातल्या गृहस्थांना असा उपदेश केला जात नाही, तो प्रव्रजितांना केला जातो.

इथे अनाथपिंडिकांनी आयुष्यातली शेवटची मागणी केली, आणि ती स्वतःसाठी नव्हती. असा उपदेश गृहस्थांनाही केला जावा, असे त्यांनी सारिपुत्तांना विनवले. डोळ्यांवर थोडीच धूळ असलेली माणसे संसारातही आहेत. न ऐकल्यामुळे त्यांचे नुकसान होते आहे, आणि ऐकले तर समजणारे निघतील. एवढे ऐकून सारिपुत्त आणि आनंद उठले. ते गेल्यावर थोड्याच वेळात अनाथपिंडिकांचे निधन झाले.

सुत्तात पुढे असे येते की त्याच रात्री एक तेजस्वी देवपुत्र जेतवनात आला, सारिपुत्तांची स्तुती करून गेला, आणि तो अनाथपिंडिकच असावा हे आनंदांनी ओळखले. देवपुत्राची गोष्ट कुणी कशी घ्यावी, हा ज्याचा त्याचा विवेक. पण त्याच्या तोंडी घातलेला विचार आपल्याला सोडता येणार नाही. माणूस शुद्ध होतो तो कर्म, विद्या, धम्म, शील आणि उत्तम जगण्याने. गोत्राने नाही आणि धनाने नाही. हे गावातल्या सर्वांत धनवान दात्याच्या तोंडी आहे.

मागणीचे पुढे काय झाले

आनंदांचे उत्तर आपल्याला खटकते. गृहस्थांसाठी थोडे आणि भिक्खूंसाठी जास्त, असा भेद तथागतांच्या धम्मात होता का? याचे उत्तर संयुत्त निकायातच आहे. कपिलवस्तूला शाक्य महानामाने तथागतांना विचारले की एखादा सुज्ञ उपासक आजारी असेल तर दुसऱ्या उपासकाने त्याला काय सांगावे. प्रश्न नीट पाहावा. त्यात भिक्खू कुठेच नाही. गृहस्थाने गृहस्थाला कसा धीर द्यावा, हे विचारले आहे.

तथागतांनी क्रम सांगितला. आधी त्याच्या श्रद्धेची आणि शीलाची आठवण देऊन आश्वस्त करावे. मग आईवडिलांची काळजी आहे का, हे विचारावे. असेल तर समजवावे की काळजी केली तरी आणि न केली तरी मरण येणारच, तेव्हा ती काळजी खाली ठेवलेली बरी. मग पत्नी आणि मुले. मग या जगातली सुखे. मग स्वर्गाची ओढ, आणि तीही सोडून पुढे. ज्याने इथपर्यंत मन मोकळे केले त्या उपासकाच्या विमुक्तीत आणि मुक्त भिक्खूच्या विमुक्तीत काही फरक नाही, असे तथागतांनी स्पष्ट केले. अनाथपिंडिकांच्या मागणीला यापेक्षा मोठा होकार असू शकत नाही.

सारिपुत्तांचाही एक प्रसंग इथे आठवतो. राजगृहाचा ब्राह्मण धनंजानि मरणाच्या दारी असताना त्यांनी त्याला ब्रह्मलोकाची ओढ आहे असे समजून मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा एवढेच शिकवले आणि ते निघून आले. अजून करण्यासारखे बाकी असताना त्याला तिथेच का सोडले, असे तथागतांनी त्यांना विचारले. समोरच्याला किती झेपेल हे आपणच ठरवून कमी देऊ नये, असे आम्ही यातून समजतो.

आणि शुश्रूषेचे नियमही ग्रंथात आहेत. आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने न्हाऊ घालणाऱ्या तथागतांनी चांगल्या परिचारकाचे पाच गुण सांगितले. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य-कुपथ्य कळावे. त्याने लाभासाठी नव्हे, तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची त्याला किळस नसावी. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने त्याला आजाऱ्याचे मन उल्हसित करता यावे. औषध पहिले आणि धम्मवाणी पाचवी, पण पाचही एकाच माणसाच्या अंगी हवेत. म्हणून आम्ही इथे ठामपणे म्हणतो की वेदना शमवणारे औषध नाकारणे किंवा लांबवणे हा धम्म नव्हे. जागतिक आरोग्य संघटनाही दुर्धर आजारातल्या परिहार सेवेची व्याख्या करताना शारीरिक वेदनेबरोबर मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक दुःख मोजते. आपल्याकडे ही समज आधीपासून आहे, ती वापरायची राहिली आहे.

आपल्या हातातले काम

आम्ही फार मोठे काही सुचवत नाही. वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन होते. बहुतेक ठिकाणी महिला मंडळाच्या ताई ते चालवतात. वस्तीत कुणी अंथरुणाला खिळले असेल तर त्या वाचनातला अर्धा तास त्याच्या खाटेजवळ नेता येईल. जाण्याआधी त्याला आणि घरच्यांना विचारावे. गेल्यावर आधी दुखते कुठे ते विचारावे. त्याने वेदना सांगितली तर ती कमी लेखू नये. त्याने आयुष्यात केलेली चांगली कामे नावानिशी आठवावीत. मोर्चात चाललेली वाट असेल, शिकवलेली पोरे असतील, दारू सोडून पाळलेले शील असेल. भीती वाटते का, कुणाची काळजी आहे का, हे मोकळेपणी विचारावे. मुलीचे लग्न राहिले, भावाशी बोलणे तुटले आहे, असे काही असेल तर घरातल्या जबाबदार माणसाने तिथेच शब्द द्यावा. तो थकला तर गप्प बसावे. डोळ्यांत पाणी आले तर घाईने पुसू नये. आनंदांसारखे विचारावे, आणि उत्तर ऐकावे.

हे करायला चीवर लागत नाही. महानामाच्या प्रश्नाने ती अट कधीच काढून टाकली आहे. भन्तेजी येऊ शकले तर उत्तमच. पण त्यांना निरोप पाठवायचा तो माणूस जिवंत असताना, ऐकू शकत असताना पाठवावा, जसा अनाथपिंडिकांनी स्वतः पाठवला.

पुण्यानुमोदनाला आपण पाचशे माणसे जेवू घालतो. त्या माणसाच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्याजवळ धम्म घेऊन किती जण बसले, हे या वर्षी आपापल्या विहारात एकमेकांना विचारूया. अनाथपिंडिकांनी आपल्यासाठी जमीन मागितली नव्हती, नाव मागितले नव्हते. संसारी माणसालाही मरणाआधी पूर्ण धम्म ऐकायला मिळावा, एवढेच त्यांनी मागितले होते. श्रावस्तीच्या त्या घरातली मागणी अजून आपल्याकडे यायची आहे असे नाही. ती आली आहे, आपल्या शेजारच्या घरातल्या खाटेवरून येते आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.